बिनधुराची बस कुणासाठी?

विमानतळाला जाणाऱ्याच्या नाकाला धूर नको, आणि कोठीच्या थांब्यावर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या नाकाला चालतो, हा कुठला न्याय?

हैदराबादेत 2019 मध्ये पहिल्या 40 विजेच्या बस आल्या. सगळ्या एसी, आणि लावल्या मुख्यतः विमानतळाच्या मार्गांवर. पुढे 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेत आपला बसप्रवास फुकट झाला. पण शहरात तो ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेसपुरता. एसी बसला पैसे मोजायचेच. म्हणजे बाईच्या वाट्याला फुकट येते ती बहुतेक डिझेलची. बिनधुराची हवी, तर पर्स उघडा!

"अहो, नवी वस्तू आधी चांगल्या रस्त्यावरच चालवून बघतात," असं घरातले पुरुष आपल्याला समजावतात. बरं, यंत्रालाच विचारू. विजेच्या बसचा वेग कमी केला की तिची मोटर जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. डिझेल बसची तीच शक्ती ब्रेक तापवण्यात वाया जाते, वर सिग्नलला इंजिन जागच्या जागी घुरघुरत तेल पितं. मग विजेच्या बसची खरी जागा कुठली? मोकळा रस्ता, की पावलोपावली थांबणारी ऑर्डिनरी? आणि एसी तर उलट बॅटरीच खातो.

चीनमधल्या शेनझेन शहराने चार मार्ग सजवून फोटो काढले नाहीत. 2017 अखेरपर्यंत 16,000 हून अधिक बसचा सगळा ताफाच विजेवर आणला. इतक्या लांब तरी कशाला जा? आपल्याच शहरात 2024 मध्ये बिगर-एसी विजेच्या मेट्रो एक्स्प्रेस निघाल्या, त्यांत बायकांचं शून्य तिकीट चालतं. म्हणजे मनात आणलं तर जमतं!

मग अडतं कुठे? आपल्या गप्प बसण्यात. फुकट मिळतंय, त्यात आणखी काय मागायचं, म्हणून आपण ओशाळतो. बायांनो, ओशाळायचं कारण काय? आपल्या शून्य तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देतं, आणि सरकारकडे ते आपल्याच करातून येतात. ही कुणाची मेहरबानी नाही.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढाच ठराव करा आणि डेपोत नेऊन द्या: जी डिझेल बस मोडीत निघेल, तिच्या जागी त्याच मार्गावर, त्याच वर्गाची विजेची बस. आधी ऑर्डिनरी, मग बाकीच्या.