वीज गेली, तरी वाफ जात नाही



लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात सूंऽऽ असा आवाज करीत उभे असलेले कॉफीचे यंत्र आपण सर्वांनीच पाहिले आहे. पेला नळीखाली धरला की वाफ सुटते आणि दूध फसफसून वर येते. तिलाच आपण ‘एस्प्रेसो’ म्हणत आलो. वास्तविक एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी दाबाने सोडून काढलेला अर्क. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी अशा यंत्राचे पेटंट १९०१ साली घेतले. आता त्याची लहान, घरगुती आवृत्ती आपल्या ओट्यावरही दिसू लागली आहे. आमच्या दिघीसारख्या बंदराच्या गावात अनेक घरांतील मुले आखातात नोकरीला आहेत. सुटीवर येताना आईवडिलांसाठी आणलेल्या सामानात कधी कधी हे यंत्रही असते. मुलगा चार दिवस शिकवून परत जातो आणि यंत्र वृद्ध मातापित्यांच्या हवाली होते.

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आले. त्यांच्या पत्नी पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेल्या आहेत. यंत्राच्या नळीने फेसाळलेले दूध त्यांना आवडते, म्हणून गुरुजी रोज सायंकाळी ते करून देत. त्या दिवशी चावी फिरवूनही नळीतून वाफ येईना. तेवढ्यात वीज गेली. गुरुजींनी सेफ्टी पिन घेतली आणि नळीच्या टोकाचे छिद्र टोचले. अडलेली वाफ आणि उकळते दूध एकदम त्यांच्या बोटांवर उडाले. “डॉक्टर, वीज गेली होती हो! मला वाटलं, यंत्र बंदच आहे,” ते म्हणाले. त्यांना मधुमेह असल्याने जखम भरायला पाच आठवडे लागले. त्या काळात पत्नीला भरवायचे कोणी, हा प्रश्न जखमेहून मोठा होता. शेजारच्या सुनेने तो भार उचलला, म्हणून निभावले. शुश्रूषा करणाऱ्याचा हात जायबंदी झाला की घरातील दोन माणसे एकदम आजारी पडतात.

हे घडले कसे, ते समजून घेऊ. यंत्राच्या आत बॉयलर असतो. त्यातील पाणी शंभर अंशांच्या वर तापते आणि वाफ दाबाखाली कोंडलेली असते. वीज गेली किंवा बटण बंद केले, तरी तापलेला धातू आणि पाणी लगेच थंड होत नाही. वाफेचा दाब बराच वेळ टिकतो. गॅस बंद केल्यावरही कुकरचे झाकण आपण लगेच उघडत नाही; येथेही तेच पथ्य. शिवाय वाफ उकळत्या पाण्याहून अधिक भाजते, कारण त्वचेवर तिचे पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता त्वचेत उतरते. वृद्धांची त्वचा पातळ असते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेली असेल, तर चटका जाणवून हात मागे घेण्यासही उशीर होतो.

आता नळी तुंबते का, ते पाहू. वाफ बंद केल्यावर नळीतील उरलेल्या वाफेचे पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि टोक दुधात असेल तर दूध आत ओढले जाते. तापलेल्या नळीत त्यातील प्रथिने व साखर सुकून चिकटतात आणि छिद्रे बुजतात. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर क्षारांचा थरही बसतो. शिळ्या दुधाच्या थरात जिवाणू वाढतात. बॅसिलस सीरियससारख्या काही जिवाणूंची बीजे तर उकळण्यातूनही वाचतात. म्हणजे ही नळी स्वच्छ ठेवणे पोटाच्या आरोग्यासाठीही आवश्यक आहे.

रोजची सवय अशी ठेवावी. दूध फेसाळण्यापूर्वी नळी रिकाम्या भांड्यात धरून दोन क्षण वाफ सोडावी. दूध झाले की चावी बंद करून लगेच भांडे खाली घ्यावे. टोक दुधात बुडलेले राहू देऊ नये. जाड ओल्या फडक्याने नळी ताबडतोब पुसावी, कारण सुकलेले दूध निघता निघत नाही. त्यानंतर टोक रिकाम्या भांड्याकडे वळवून पुन्हा दोन क्षण वाफ सोडावी, म्हणजे आत शिरलेले दूध बाहेर पडते. हे फडके फक्त त्याच कामाचे असावे आणि ते रोज धुऊन उन्हात वाळवावे. हात थरथरत असतील किंवा दृष्टी अधू असेल, तर हे काम घरातील दुसऱ्याकडे सोपवण्यात कमीपणा मानू नये.

इतके करूनही नळी तुंबलीच, तर क्रम चुकवू नका.

१. बटण बंद करा, प्लग काढा. वीज गेलेली असली तरी प्लग काढाच.

२. यंत्र दोन तास तसेच राहू द्या. नळी तुंबलेली असताना आवाज येत नाही. म्हणून आवाज नाही याचा अर्थ आत दाब नाही, असा घेऊ नका.

३. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर नळीचे टोक अंगापासून दूर, रिकाम्या भांड्याकडे ठेवून चावी अगदी हळू उघडा आणि पुन्हा बंद करा.

४. कोमट पाण्याच्या पेल्यात टोक अर्धा तास बुडवून ठेवा. सुकलेले दूध मऊ होते.

५. टोक फिरवून निघणारे असेल, तर ते काढून घ्या आणि हातात धरून छिद्रे सुईने मोकळी करा. पाण्याने धुवा, पुन्हा घट्ट बसवा. नळीवर टोक असताना सुई वापरू नका.

६. यंत्र सुरू करून प्रथम फक्त वाफ भांड्यात सोडून पाहा.

तरीही वाफ मंद येत असेल, तर आत क्षार साचले असावेत. त्यासाठी यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात सांगितलेलेच द्रावण, सांगितलेल्याच प्रमाणात वापरावे आणि नंतर स्वच्छ पाणी दोन-तीनदा फिरवावे. चावी जोर लावून फिरवू नये. शंका असेल तर कारागिराकडे द्यावे.

आणि भाजलेच तर? अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. नंतर सूज आली की ते निघत नाही. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ, सैल कापडाने झाका. भाजलेला भाग रुग्णाच्या तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर, बोटांवर किंवा सांध्यावर असेल, त्वचा पांढरी पडून दुखतच नसेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या लसीची चौकशीही तेव्हाच करा. रात्रीची वेळ असेल तर सकाळची वाट पाहू नका. आमच्यासारख्या खाडीकाठच्या गावातून मोठे रुग्णालय दूर असते. मोठ्या जखमेसाठी १०८ वर फोन करा.

गुरुजींचा हात आता बरा आहे आणि दूध पुन्हा फेसाळू लागले आहे. यंत्रावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘आधी प्लग, मग दोन तास, मग हात.’ आपल्या घरी असे यंत्र असेल, तर आजच अशी चिठ्ठी लावा. आणि आईवडिलांना यंत्र भेट देणाऱ्या मुलांना माझी विनंती : ते सुरू कसे करायचे हे शिकवताच, पण थंड कसे होऊ द्यायचे आणि स्वच्छ कसे करायचे, हेही शिकवून मगच परत जा.