‘शेप वन’ घरातली मुलं

बेळगावकरांना फौज नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं 1922 पासून आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज भागात तर ‘आमचा एकजण मिलिटरीत आहे’ असं सांगणारं घर प्रत्येक गावात सापडतं. आपल्या कॉलेजातही अशा घरांतली मुलंमुली आहेत. मी त्यांतलीच एक. या घरांत एक विषय कधी निघत नाही, त्याबद्दल मला लिहायचं आहे. तो विषय म्हणजे मन.

फौजेत मेडिकल झालं की घरी अभिमानानं सांगतात, ‘शेप वन आहे!’ हा शेप म्हणजे पाच इंग्रजी अक्षरं. एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची ताकद, ई म्हणजे डोळे. आणि सगळ्यांत आधी येणारं एस हे मनासाठी आहे. शब्द जुळावा म्हणून ते पहिलं आलं असेलही, पण जवान तंदुरुस्त आहे का हे बघताना सैन्य मनही तपासतं, हे खरं. आपण घरात मात्र त्याचं नावही काढत नाही.

याला कारणं आहेत. कॅटेगरी खाली आली तर प्रमोशनचं काय, ही धास्ती असते. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणायला गल्ली टपलेलीच असते. मोठ्यांच्या या भीतीला मी हसणार नाही. पण मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला एवढंच दिसतं, की पप्पा सुट्टीवर आलेत, दार आपटलं की दचकतात, रात्री जागे असतात आणि जेवताना बोलत नाहीत. सात-आठ वर्षांचं मूल अशा वेळी कारण स्वतःतच शोधतं.

मी तिसरीत असताना पप्पा काश्मीरहून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. रात्री ते गच्चीवर फेऱ्या मारायचे. आई म्हणायची, ‘पप्पा दमलेत, गप बस की.’ गणितात मला कमी मार्क पडले होते. त्यामुळंच हे सगळं चाललंय, असं मी मनात पक्कं धरलं होतं. शेवटी आजीनं सांगितलं, ‘त्याला झोप लागत नाही गं. तिकडचं कायबाय आठवतंय. तुझ्यामुळं न्हवं.’ एवढंच. पण त्या रात्री मी निवांत झोपले.

‘लहान पोरांना कशाला सांगायचं? घाबरतील,’ असं अनेकजण म्हणतात. तिथं काय घडलं ते सगळं सांगा, असं माझं म्हणणं नाही. सहा वर्षांच्या मुलाला ‘पप्पांना बरं वाटत नाही, ते तुझ्यामुळं नाही, आणि आम्ही डॉक्टरांकडे जाणार आहोत’ एवढं पुरतं. बारा वर्षांच्या मुलीला आजाराचं नावही सांगता येतं आणि औषध कशाचं आहे तेही. मात्र ‘आता घरातला मोठा तूच’ म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर संसार ठेवू नका. आईनं आपलं रडं मोकळं करायची जागा ते मूल नव्हे.

मुलांच्या स्वतःच्या मनाचंही बघायला हवं. दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलते, मैत्रिणी सुटतात. 7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, तेव्हा घरोघरी टीव्ही दिवसभर ओरडत होता. ज्यांचे वडील सीमेवर होते, त्या मुलांना ‘काही होत नाही’ हे ऐकून धीर येत नाही. टीव्ही बंद करून ‘मलाही काळजी वाटते. फोन आला की आधी तुझ्याकडे देते,’ असं म्हटलं, तर मूल निदान एकटं पडत नाही.

आपल्या मराठीत पराक्रमाला पोवाडा आहे. ‘वीर’, ‘शूर’, ‘जिगरबाज’ असे शब्द 26 जानेवारीच्या भाषणात आपण भरभरून वापरतो. पण ‘पप्पांना भीती वाटते’ हे साधं वाक्य घरात उच्चारताना जीभ अडखळते. घाबरलेला माणूस भित्रा नसतो, हे मुलाला घरातच कळायला हवं. नाहीतर पुढं स्वतःचं मन बिघडलं तरी तेही तोंड मिटूनच बसेल.

मदत मिळते, हे माहीत असू द्या. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 पासून त्याचा वेगळा कक्ष आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले बरेचजण घरात थोरले आहेत. धाकटी भावंडं आईबाबांना जे विचारत नाहीत, ते आपल्याला विचारतात. तेव्हा ‘तुला काय करायचंय?’ म्हणून त्यांना उडवून लावू नका. जवळ बसवा, खरं तेवढंच सांगा, आणि ‘तुझ्यामुळं नाही’ हे सांगायला विसरू नका.