वळण न घेणारी गाडी

आमच्या घरीं गेले चार महिने एका वीतभर रुंदीच्या गाडीनें दोन पिढ्यांत बेबनाव माजविला होता. गाडी म्हणजे खरी मोटार नव्हे. मोटारीच्या एकदशांश आकाराची, हातांतल्या रेडिओ-यंत्रानें चालविण्याची, आणि धांवण्यासाठीं नव्हे तर खडकांवरून सरपटत चढण्यासाठीं केलेली. हिला तिचे भक्त 'रॉक क्रॉलर' म्हणतात. वेग माणसाच्या चालीइतकाच; पण चारही चाकें खडकास बिलगतात आणि वाटेंतला धोंडा ही अशा कांहीं निर्धारानें चढून जाते, कीं आरंभीं तुच्छतेनें पाहणारे वडीलधारेही हळूंच चष्मा पुसून पुढें सरकतात. आमच्या बाबतींत तसें झालें, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

बेबनावाचें कारण असें. चिरंजीव पुतण्याच्या ह्या गाडीला सरळ जातां येई, पण वळतां येईना. चाकें वळविणारा सर्व्हो नांवाचा भाग एके दिवशीं वास सोडून बंद पडला. मुलानें मुंजींत आजीकडून मिळालेले पैसे मोडून दुसरा, अधिक जोराचा आणला. तोही सहा आठवड्यांत गेला. "मीं दिलेल्या पैशांचें काय केलेंस रे?" असें आमच्या मातोश्रींनीं सहज विचारलें, तेव्हां त्यानें तो जळका ठोकळा त्यांच्यापुढें धरला. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांचें न बोलणें आमच्या धाकट्या बंधूंस चांगलेंच झोंबलें. "तिसरा जळाला, तर गाडी विकून टाकायची," असा त्यांनीं निकाल दिला. इकडे मुलानें नवी यादी तयार ठेवलीच होती: आणखी मोठा सर्व्हो, ऍल्युमिनियमचे दांडे, ऍल्युमिनियमचा हॉर्न. ती यादी घेऊन तो आमच्याकडे आला, कारण धाकट्या भावाच्या मुलांचा वकील थोरला काका हा नेहमींचाच.

वकिलपत्र घेण्यापूर्वीं सर्व्हो म्हणजे काय तें वाचकांस सांगितलें पाहिजे. आगपेटीहून किंचित् जाड असा हा ठोकळा. त्यांत एक छोटी मोटर, तिचा वेग घटवून जोर वाढविणारीं दांतेरी चक्रें, आणि बाहेरचा आंस किती वळला आहे हें दाखविणारा एक विद्युत्-मापक असतो. रेडिओ-यंत्राच्या आज्ञेप्रमाणें सेकंदाला सुमारें ५० वेळां त्याला विजेचा एक सूक्ष्म ठोका मिळतो. तो ठोका सेकंदाचा दीड सहस्रांश टिकला तर आंस मध्यावर, एक सहस्रांश टिकला तर एका टोंकाकडे, दोन टिकला तर दुसऱ्या. रेडिओनें सुकाणूं वळविण्याची ही हौस आजची नव्हे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्कला अशी एक छोटी नाव लोकांना चालवून दाखविली होती. असो. आंस सांगितलेल्या जागीं पोंचेपर्यंत मोटर ढकलीत राहते. आणि पोंचणें अशक्य असेल, तरीही ती ढकलीतच राहते. मुलाचे दोन्ही सर्व्हो ह्या आज्ञाधारकपणापायीं मेले, हें आम्हांस पुढें कळलें.

जोराचें माप किलो-सेंटिमीटर. २५ किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो म्हणजे आंसापासून १ सेंटिमीटरवर २५ किलोंचा भार पेलणारा. आंसावर बसविलेला हात, ज्याला हॉर्न म्हणतात, तो अडीच सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या टोंकाशीं १० किलोच उरतात. इतका जोर खेळण्याला कशास हवा, असें बंधूंनीं विचारलें. रस्त्यावरच्या गाडीचीं चाकें फिरतां फिरतां वळतात. हिचीं चाकें जागच्या जागीं, मऊ रबर खडकाच्या फटींत रुतलेलें असतां वळवावीं लागतात. त्यांतून पुढचीं दोन्ही चाकें एकमेकांस जखडलेलीं, म्हणजे वळतांना बाहेरच्या चाकानें जास्त फिरावें ही सवलतही नाहीं. जोर हवा, हें मुलाचें म्हणणें खरेंच होतें. पण जोर एका ठिकाणीं वाढविला म्हणजे मोड नाहींशी होत नाहीं, ती शेजारच्या भागांत बिऱ्हाड करते. प्लॅस्टिकचा हॉर्न तुटतो म्हणून धातूचा घातला, तर धक्का सर्व्होच्या चक्रांवर जातो. चक्रें पोलादाचीं घेतलीं, तर सर्व्हो ज्या बैठकीवर बसविला आहे ती पिळवटते.

म्हणून यादी बाजूस ठेवून रविवारीं सकाळीं गच्चीवर जुनें वर्तमानपत्र पसरलें आणि प्रथम सर्व्होपासून दांडा सोडविला. आतां चाकें एका बोटानें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सहज फिरावयास हवीं होतीं. उजवीकडे फिरत; डावीकडे मध्येंच अडत. चाकाचा सांधा, ज्याला नकल म्हणतात, उघडून पाहिला तों आंत टेंकडीवरची माती वाळून घट्ट बसलेली, आणि त्यावर स्क्रूही गरजेपेक्षां अधिक आवळलेला. जुन्या दांतघांसणीनें माती निघाली. तुटलें कांहींच नव्हतें. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा मात्र खडकावर आपटून वांकला होता आणि चाकांचीं तोंडें त्यामुळें फिरलीं होतीं. सर्वांत आधीं खडकाची गांठ ज्याच्याशीं पडते तो हा दांडा. तेवढा आम्हीं पोलादाचा घेऊं दिला.

सर्व्होकडून चाकाकडे जाणारा दुसरा दांडा बदलण्यास मात्र आम्हीं मनाई केली. ह्या गाडीचा सर्व्हो ऍक्सलवर नसून चॅसिसवर आहे. अशा गाडींत हा दांडा आणि ऍक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड दांडा हे लांबीनें जवळजवळ सारखे व एकमेकांस समांतर असावे लागतात. तसे नसले, तर ऍक्सल वरखालीं होतांच कोणी न सांगतां चाकें आपणहून वळतात. दोघांपैकीं एकच चकचकीत केला, तर शोभा वाढेल आणि वळण बिघडेल. भावांमधल्या गोष्टीही अशाच असतात, पण तो विषय ह्या सदराचा नव्हे.

तिसरा सर्व्हो आम्हीं स्वतःच्या खिशांतून आणला, दुसऱ्याइतक्याच जोराचा. बंधूंस तूर्त सांगितलें नाहीं. म्हणजे आतां जळला असता तर गाडीबरोबर वकीलही गेला असता. तो बसवितांना खरा अपराध उघडकीस आला. आंसावर २५ दांते असतात, म्हणजे एक दांता म्हणजे १४.४ अंश. मुलानें पूर्वीं वीज बंद असतांनाच हॉर्न अंदाजानें बसविला होता, एक दांता चुकून, आणि ती चूक रेडिओ-यंत्रावरच्या ट्रिमच्या बटणानें झांकली होती. चाकें त्यामुळें सरळ दिसत. पण डावीकडे वळतांना नकल आपल्या टोंकास केव्हांच टेंकलेली, आणि सर्व्हो बिचारा अजून पुढें जाण्याच्या आज्ञेंत गुणगुणत, तापत उभा. ती गुणगुण मुलाला जोराचें लक्षण वाटे!

आतां ट्रिम शून्यावर ठेवून, वीज चालू करून, सर्व्हो मध्यावर आल्यावरच हॉर्न जवळच्यांत जवळच्या दांत्यावर बसविला. उरलेला फरक दांड्याचें टोंक आंत-बाहेर फिरवून काढला. नंतर दोन्हीं बाजूंची शेवटची मर्यादा यंत्रावर एवढी कमी केली कीं पूर्ण वळणावरही आवाज येईना. धातूंत जाणाऱ्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकचा एकेक थेंब दिला. प्लॅस्टिकमध्यें जाणाऱ्यांना नाहीं, कारण कांहीं प्लॅस्टिकें त्यानें तडकतात.

तरीही चाक हातांत दाबून धरलें कीं वळण अर्धेंच होई. आम्ही हॉर्नकडे पाहत होतों, मुलगा दांड्याकडे. आमची कॉलेजांत जाणारी पुतणी दोरीवरचे कपडे काढीत उभी होती, ती म्हणाली, "काका, चाक जागचं हलत नाही, सर्व्होच मान डोलावतोय." खरेंच, बैठक पिळवटत होती आणि विकत घेतलेला निम्मा जोर त्यांत जात होता. यादींत नसलेली धातूची बैठक तेवढी मागवावी लागली. शिवाय अधूनमधून गाडीला मूर्च्छा येई, तिचेंही कारण सांपडलें. स्पीड कंट्रोलर सर्व्होला जी वीज पुरवितो ती पुष्कळ गाड्यांत ६ व्होल्ट व तीनेक अँपिअर एवढीच असते; मोठा सर्व्हो अडला कीं त्याहून अधिक ओढतो, दाब खचतो आणि रेडिओचा ग्राहकच क्षणभर झोंपतो. त्यासाठीं बी. ई. सी. नांवाची निराळी डबी घातली आणि तिचा दाब सर्व्होवर छापलेल्या मर्यादेंत ठेवला.

पुढच्या रविवारीं वेताळ टेंकडीवर गेलों. बंधूही आले, तिसऱ्या सर्व्होची वार्ता वहिनींकडून त्यांना केव्हांच लागली होती. ज्या फटींत दुसरा सर्व्हो गेला होता तींत गाडी शिरली, थबकली, डावीकडे तोंड वळवून वर आली. बंधूंनीं सर्व्होला बोट लावून पाहिलें, कोमटच होता. परततांना खट्‌ आवाज होऊन दांड्याच्या टोंकाची प्लॅस्टिकची वाटी निखळली. मुलानें खिशांतून दुसरी काढून पांच मिनिटांत बसविली. ती धातूची करूं नये असा आमचा आग्रह होता; कांहीं मोडायचेंच, तर दोन कप चहाच्या किंमतींतलें मोडूं दे.

"आज काय जळलं?" मातोश्रींनीं दारांतच विचारलें. मुलानें ती मोडकी वाटी त्यांच्या तळहातावर ठेवली. एवढीच ना, अशी खात्री करून घेऊन त्यांनीं रेडिओ-यंत्र मागून घेतलें, आणि गाडी ओटीवरून, माजघरांतून, थेट देवघराच्या उंबरठ्याशीं नेली. तेथें मात्र टेंकडीचा चिखल पाहून वहिनींनीं ती हातानेंच अडविली.