अत्तर ‘टिकेनासे’ झाले, तर…

गेल्या महिन्यात एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. खरी तक्रार सूनबाईंच्या दम्याची होती. आबांना पाचेच्या अत्तराचा पूर्वीपासून शौक. पण हल्ली ते इतके लावीत की शेजारच्या खोलीतही सूनबाईंना धाप लागे. आबांचे म्हणणे निराळे होते. “अत्तरात भेसळ आली, डॉक्टरसाहेब. घटकाभरही टिकत नाही.”

पाच, म्हणजेच अत्तरवाल्यांची पचौली. तिची पाने वाळवून वाफेवर तेल काढतात. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली परदेशी जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत हीच वाळकी पाने घालीत. शाल उलगडेपर्यंत वास त्यात मुरलेला असे. पाचेचा सुगंध उलगडतोही सावकाश. अत्तर लावताच त्यातील हलके घटक उडून जातात. मग ओल्या मातीचा, किंचित कापरासारखा वास पुढे येतो. दोन-तीन तासांनी त्याची धार जाऊन गोडसर, लाकडासारखी ऊब उरते, आणि कपड्यावर ती दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. कारण पाचेच्या तेलातील मुख्य घटक जड असतो. तो हळूहळू उडतो.

म्हणूनच मला शंका आली. मोगरा टिकत नाही, असे कोणी म्हटले असते तर मी मान डोलावली असती. पाच टिकत नाही? आबांच्या अंगात आदल्या दिवशीचाच सदरा होता आणि त्याचा दरवळ मला टेबलापलीकडे येत होता.

“आबा, वास येतो ना नीट?”

“येतो की! आरतीचा कापूर लांबूनच कळतो.”

येथेच पुष्कळांची फसगत होते. कापूर, पुदिना, अमोनिया असे उग्र पदार्थ केवळ गंधाच्या नसेला नव्हे, तर चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या दुसऱ्या एका नसेलाही चाळवतात. तो गारवा, ती झोंबणी गंधशक्ती गेलेल्यालाही कळते. आपल्या तुळजापुरात तर कापराला तोटा नाही. त्याच्या भरवशावर माणूस वर्षानुवर्षे निर्धास्त राहतो. मी आबांना डोळे मिटायला लावून कॉफीची पूड हुंगायला दिली. ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “रिकामी आहे का डबी?”

पासष्टी ते ऐंशीच्या दरम्यान निम्म्याहून अधिक माणसांची गंधशक्ती उणावलेली असते, आणि ती इतकी हळू उणावते की स्वतःला पत्ता लागत नाही. सर्दी, नाकातील कोंब, कोविड, तपकीर अशी कारणे असतात. क्वचित कंपवात किंवा स्मृतिभ्रंशाची ती फार आधीची खूण ठरते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवावेच.

मला मात्र अत्तराहून गॅसची धास्ती वाटली. सिलिंडरमधील वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. ते नाकालाच कळले नाही तर? आबा दुपारी घरी एकटे असतात आणि चहा स्वतः करतात. तेव्हा सूनबाईंना आठवले: मागे दूध करपून धूर झाला होता आणि आबा त्याच स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते.

आता त्यांच्या घरी गॅसगळती कळवणारे भोंग्याचे यंत्र बसले आहे. उरलेली भाजी खावी की टाकावी, हे सूनबाई ठरवतात. अत्तर दिवसाला एकच फाया, तोही दम्यामुळे त्यांच्या खोलीपासून दूर. शिवाय तज्ज्ञांच्या सल्ल्याने गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव चालू आहे. तो निदान तीन महिने करावा लागतो, आणि सर्वांनाच गुण येतो असे नाही. हे मी आबांना आधीच सांगितले आहे.

निलगिरी झोंबते, म्हणतात, लवंगही. परवा गुलाबापाशी मात्र ते थोडे थांबले आणि म्हणाले, “काहीतरी आहे खरं.”