गाव बरं की शहर? आधी घड्याळाला विचारा!

मैत्रिणींनो, यंदा तुमच्या पत्रांत पापड का फाटतात, लोणच्यावर बुरशी का येते या नेहमीच्या प्रश्नांबरोबर एक जुनाच प्रश्न नव्याने आलाय – गाव बरं की शहर? शाळेत आपण सगळ्यांनीच यावर निबंध खरडलेला आहे. शहरात धूर, गर्दी, धावपळ. गावात शुद्ध हवा, ताजं दूध, प्रेमळ माणसं! पानभर लिहिलं की दहापैकी सात गुण ठरलेले. पण निबंध लिहिणाऱ्याला तिथे चूल पेटवायची नसते, हा त्यातला मोठा फरक.

बदलापूरच्या एका भगिनीचं पत्र चांगलं चार पानी आहे. फोर्टमधल्या एका खासगी कचेरीत त्या हिशेबाचं काम करतात. सकाळी सात दहाला घर सोडायचं, रात्री सव्वाआठला दारात चपला काढायच्या. मिस्टर अंबरनाथच्या कारखान्यात, म्हणजे अवघं एक स्टेशन. ते साडेपाचला घरी. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं. आता मिस्टरांनी मनावर घेतलंय, की कऱ्हाडजवळच्या आपल्या गावी जाऊन राहायचं. घर आहे, थोडी बागायत आहे, आईवडील आहेत. ‘तुझी दगदग तरी वाचेल,’ असं त्यांचं म्हणणं. सासूबाईही म्हणतात, बाईच्या जिवाने किती ओढायचं? ताई लिहितात, ‘गाडीत उभं राहून पाय सुजतात हे खरं, पण नोकरी सोडायची म्हटलं की छातीत धस्स होतं. मी स्वार्थी आहे का हो?’

स्वार्थी कसल्या? पण ताई, तुमच्या घरात हवा-पाण्याची चर्चा झाली, जागेची झाली, हप्त्यांची झाली. वेळेचा हिशेब कुणी केलेला दिसत नाही. तुम्ही हिशेबातल्या, तर चला, पेन्सिल घ्या. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, गाडीची वाट बघणं, गाडी, मग कचेरीपर्यंत चालत. जायचे-यायचे मिळून रोजचे चार तास धरू. महिन्याचे २५ दिवस म्हणजे १०० तास. वर्षाचे १२००. त्याला २४ ने भागा. पन्नास दिवस! रात्रींसकट पन्नास दिवस तुम्ही दर वर्षी रस्त्यात असता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा ३४ किलोमीटरला ५७ मिनिटं लागली, आणि त्याचं केवढं अप्रूप झालं! बदलापूर ते शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर आहे, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि हे अंतर तुम्ही रोज दोनदा कापता. घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, सज्जा मोजतो, हे तास मात्र मोजायचे राहून जातात.

तरीही प्रवास म्हणजे नुसती शिक्षाच, असं जे म्हणतात ते लेडीज डब्यात कधी बसलेले नसावेत. मी स्वतः बावीस वर्षं डोंबिवलीहून गाडी पकडली आहे, म्हणून सांगते. आत शिरल्या शिरल्या बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ विचारायचं आणि तिची जागा मनातल्या मनात आपल्या नावावर करून टाकायची. चौथ्या सीटवर नुसतं टेकायला मिळालं तरी स्वर्ग! मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडायची, मटार सोलायचे. गळ्यात क्लिपा-कानातल्यांची पेटी अडकवून विकणारी बाई आली, की महिनाअखेर असली तरी दहा रुपयांची पिन घ्यायचीच. दसऱ्याला डब्याला तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, कुणाचं डोहाळजेवण! ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांची लोकल सोडली, तेव्हा आमच्या मध्य रेल्वेच्या बायकांना कोण हेवा वाटला होता! भांडणंही तशीच रंगतात म्हणा. कर्जतच्या गाडीत डोंबिवलीची बाई चढली की ‘तुम्हाला दुसऱ्या गाड्या नाहीत का?’ हे ठरलेलं. मी ते कितीदा तरी ऐकून घेतलंय आणि तरीही चढले आहे.

एक मात्र खरं. त्या दीड तासात कुणी ‘आई, माझा मोजा कुठाय?’ म्हणत नाही, कुणी ‘अगं, चहा टाकतेस का?’ म्हणत नाही. कितीतरी बायकांच्या दिवसात स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ असतो, मग तो लोंबकळत का जाईना. (लोंबकळत हे शब्दशः मात्र घेऊ नका. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात उभे असलेले प्रवासी गाडीतून पडून मेले. एक गाडी सोडली तर फार तर साहेबाचं एक वाक्य ऐकावं लागतं.)

तर ताई, तुमचे पाय गाडीत सुजतात. पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा माझं लक्ष दुसऱ्याच ओळीवर गेलं. मिस्टर साडेपाचला येतात, तुम्ही सव्वाआठला. आणि तुम्ही सहज लिहून गेलात, ‘आल्याबरोबर कुकर लावते.’ अहो, मधले पावणेतीन तास तो कुकर काय करत होता? सरकारने २०२४ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. आणि ही ८८ मिनिटंसुद्धा जे घरकामाला हात लावतात त्यांची! न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. म्हणजे दगदग सगळी रेल्वेने दिली, असं समजायचं कारण नाही. थोडी बदलापूरच्या स्वयंपाकघरातही आहे, आणि ती सामानाबरोबर ट्रकमधून गावाला येईल.

आता गावाकडे वळू. गावात प्रवास नाही, हा शहरातल्या लोकांचा मोठाच गोड गैरसमज. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र याच गठ्ठ्यात आहे. त्या राहतात तालुक्याच्या गावी आणि शाळा आत, जिल्हा परिषदेची. सकाळची एसटी चुकली की वडाप. जीपमध्ये पुढे चार, मागे किती ते मोजायचं नाही. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही आणि भरली असं त्याला कधी वाटत नाही. संध्याकाळची गाडी गेली, की मग रात्रीची मुक्कामाची येणार, ती पहाटेच परत निघणार. बाई लिहितात, ‘तुमच्या मुंबईत एक लोकल गेली की मागून दुसरी येते. मला कुणी अशी दुसरी दिली तर मी उभ्याने जाईन.’ १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने फार जणींची सोय झाली. लेक माहेरी जास्त वेळा जाऊ लागली. पण अर्ध्या तिकिटाला गाडी तर यायला हवी! बँक, दातांचा डॉक्टर, मुलीचं कॉलेज ही सगळी कामं पुष्कळ गावांत तालुक्याचीच असतात. अंतर कमी असतं, वेळ तेवढाच जातो, आणि गाडी चुकली तर दिवस जातो.

आणि पाण्यासाठीचं चालणं कुणी प्रवासात धरतं का? तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी मुंबईला येतं. ती शहापूरच्या बाजूची. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन उन्हातून खेपा घालतात. तिच्या खेपांना ना पास, ना खिडकीची जागा.

गावाला नावं ठेवायची नाहीत मला. मोठं अंगण, हाताशी भाजी, रात्रीची शांत झोप, मुलांना आजी-आजोबा, याची किंमत दोन खोल्यांत राहिलेल्यांना विचारा. कोकणातून, देशावरून आलेली आपली कितीतरी कुटुंबं निवृत्त होऊन परत गेली आणि सुखात आहेत. पण ताई, ‘घरी आराम कर’ या वाक्याला जरा हात लावून बघा. चालू घरात सून येते तेव्हा आराम तिची वाट बघत बसलेला नसतो. सासू-सासऱ्यांची पथ्यं, पाहुणे, लग्नसराई, शेतावरच्या माणसांचा चहा. आणि महिन्याच्या एक तारखेला तुमच्या नावावर जे जमा होतं ते होणार नाही. मुलीच्या क्लासची फी तुम्ही कुणाला न विचारता भरता, असं तुम्हीच लिहिलंय. ते छातीतलं धस्स होणं याचंच आहे. मिस्टरांच्या मनात आई-वडिलांच्या म्हातारपणाची काळजी असेल, बहुतेक असणारच, तर ती चांगलीच गोष्ट आहे. त्यांनी तसं सरळ म्हणावं आणि दोघांनी बसून त्यावर बोलावं. तुमच्या सुजलेल्या पायांच्या नावावर बिल फाडू नये.

माझं मत विचाराल तर मुलीची दहावी होईपर्यंत घर हलवायचा विषय बंद. तोपर्यंत तीन गोष्टी करून बघा. सात वाजता कुकर मिस्टर लावतील, कणीक मुलगी किंवा मुलगा मळेल (हो, मुलगाही, पाचवीतल्या हातांना कणीक छान जमते). कचेरीत वेळ अलीकडे-पलीकडे करून मिळते का, हिशेबाचं काम आठवड्यातून एखाद-दोन दिवस घरून करता येतं का, हे लेखी विचारा. तोंडी विचारलेलं साहेब लोक विसरतात. आणि तिसरी जरा मोठी. फ्लॅट भाड्याने देऊन कल्याण-डोंबिवलीत भाड्याने राहायचा विचार करा. तिथून सुटणाऱ्या गाड्या आहेत, बसायला मिळण्याची आशा तरी असते. मिस्टरांचा प्रवास थोडा वाढेल, पण तो गर्दीच्या उलट दिशेचा. दोन्ही घरभाड्यांचा आकडा आधी मांडा. फरक फार पडत असेल तर नाद सोडा.

आणि गावाला जायचंच ठरलं, तर आधी पंधरा दिवस मे महिन्यात जाऊन राहा, पाहुण्यासारखं नाही, घरचं सगळं करून. राजीनामा द्यायचा नाही, रजा घ्यायची. फ्लॅट विकायचा नाही. हो, आणि पाय रोज सुजत असतील तर ते गाडीच्या माथी मारून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवून रक्तदाब आणि रक्त तपासून घ्या.

आता प्रवास करणाऱ्या बऱ्याच जणींनी सकाळच्या घाईबद्दल विचारलंय, त्याचं थोडक्यात. गवार, फरसबी, कोबी रात्री चिरून कोरड्या डब्यात ठेवली तर चालते. बटाटा आणि वांगं मात्र सकाळीच चिरा, काळं पडतं. पालेभाजी निवडून ठेवा पण धुऊ नका, सुती कापडात गुंडाळा. कणीक रात्री मळून वर तेलाचा हात फिरवून झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी संपवावी. सकाळी निघताना मटकी भिजत घातली, रात्री उपसून बांधली, की दुसऱ्या दिवशी मोड येतात; थंडीत एक दिवस जास्त धरा. दाण्याचं कूट आणि मिरची-लसणाचा ठेचा रविवारी करून ठेवला की आठवडाभराच्या भाज्या दहा मिनिटांत होतात.

शिक्षिकाबाईंची तक्रार आहे, की वडापच्या हिसक्यांनी डब्यातला दहीभात फुटतो आणि दुपारपर्यंत आंबट होतो. बाई, गरम मऊ भात कोमट करून त्यात भरपूर दूध घाला आणि दही अगदी चमचाभरच. मीठ, आल्याचा कीस आणि वरून फोडणी. डब्याला घट्ट झाकणाचं भांडं घ्या आणि भात काठापासून बोटभर खाली ठेवा. वाटेत विरजण लागत जातं आणि मधल्या सुट्टीत डबा उघडाल तेव्हा भात नुकता लागलेला, गोडसर असतो.