विश्लेषण : ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणत फसवले, फॉरमॅट मारण्याआधी काय करायचे?

स्क्रीन अचानक लाल किंवा निळी होते. भोंग्यासारखा आवाज सुरू होतो. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये धोकादायक व्हायरस सापडला आहे, बंद करू नका, या नंबरवर लगेच फोन करा’ असा संदेश झळकतो. फोन लावला की पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे एक ॲप टाकायला सांगतो. तासाभरात कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात आणि खाते रिकामे.

फसवणूक लक्षात आल्यावर बहुतेक जण कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतात. तिथे पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून घ्या’. सल्ला चूक नाही, पण वेळ चुकते. पैसे परत मिळण्याची शक्यता आणि गुन्ह्याचा पुरावा दोन्ही इथेच हातातून जातात.

ही फसवणूक नेमकी चालते कशी?

व्हायरस मुळात नसतोच. तो इशारा म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेले एक वेबपेज असते. खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो, असे मायक्रोसॉफ्टने वारंवार सांगितले आहे. कंपनी स्वतःहून कुणाला फोन करून दुरुस्तीही सुचवत नाही.

फोनवरचा माणूस ॲनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप टाकायला लावतो. ही ॲप बनावट नाहीत, कार्यालयांत ती रोज वापरली जातात. मात्र ॲपमधला नंबर सांगून परवानगी दिली की समोरचा तुमचा माऊस चालवू लागतो. मग तो विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणांची यादी दाखवतो. अशा खुणा अगदी सुस्थितीतल्या कॉम्प्युटरवरही असतात. पण माणूस घाबरतो आणि ‘दुरुस्तीची फी’ भरण्यासाठी त्याच स्क्रीनवर बँकेचे खाते उघडतो. ॲनीडेस्कचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता.

हे फोन करतात कोण?

यामागे संघटित कॉल सेंटर असतात. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. ऑगस्ट २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीत एका रिसॉर्टमधून चालणारे कॉल सेंटर सीबीआयने उघडकीस आणले. तिथून ॲमेझॉनच्या मदत केंद्राचे कर्मचारी असल्याचे भासवून अमेरिका आणि कॅनडातील लोकांना फोन केले जात होते. या मोठ्या प्रकरणांत गिऱ्हाईक परदेशी होते. पण हीच युक्ती इथल्या घरांतही चालते. फक्त सोंग बदलते. कधी बँकेचा माणूस, कधी वीजबिल विभाग, कधी कुरिअर कंपनी.

पहिल्या तासात काय करायचे?

सर्वात आधी इंटरनेट तोडा. वायफाय किंवा केबल बंद करा. कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर हॉटस्पॉट बंद करा. रिमोट ॲप मोबाइलवरही टाकले असेल, तर तो फ्लाइट मोडवर टाकून घरातल्या दुसऱ्या फोनवरून पुढचे कॉल करा.

त्यानंतर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर लावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक तयार ठेवा. ही माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखण्याचा प्रयत्न होतो. उशीर झाला की पैसे अनेक खात्यांत फुटतात किंवा एटीएममधून काढले जातात. पाठोपाठ बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार नोंदवा.

बँकेला कळवण्याची वेळ इतकी महत्त्वाची का?

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे. अशा फसवणुकीत ओटीपी बहुतेक वेळा ग्राहकानेच दिलेला असतो. त्यामुळे ‘उद्या सकाळी बँकेत जाऊन सांगू’ हा विचार महागात पडतो. आणखी एक गोष्ट. हे नियम बँकांना आहेत, पतसंस्थांना नाहीत. ज्यांची जमापुंजी पतसंस्थेत आहे, त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

बुलढाण्यात तक्रार कुठे करायची?

सायबर पोलीस ठाणे जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. घाटाखालच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून तिथे जायचे तर दिवस मोडतो. यात कायद्याचीही एक अडचण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकारीच करू शकतो. छोट्या ठाण्यांत ठाणेदार अनेकदा सहायक निरीक्षक दर्जाचा असतो. पण हा नियम तपासाचा आहे, तक्रार घेण्याचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती जवळच्या ठाण्यात देता येते. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. रोखलेली रक्कम परत मिळवताना न्यायालयात अर्ज करण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा हीच कागदपत्रे कामी येतात.

पुरावा कसा जपायचा?

इशाऱ्याची स्क्रीन, आलेला नंबर, रिमोट ॲपमधील क्रमांक आणि बँकेचे मेसेज यांचे दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. कॉल हिस्ट्री पुसू नका. रिमोट ॲप कॉम्प्युटरवर आपल्या नोंदी ठेवते. कोणत्या क्रमांकावरून कधी जोडणी झाली, हे त्यात सापडू शकते. फॉरमॅट मारला की हे सगळे जाते. म्हणून आधी पोलिसांना विचारा.

मग कॉम्प्युटर सुरक्षित कसा करायचा?

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते. ईमेलमध्ये अनोळखी रिकव्हरी नंबर किंवा मेल पुढे पाठवण्याची सेटिंग जोडली आहे का, तेही तपासा. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड चोरीला गेले असेच समजा.

नुसते रिमोट ॲप काढून भागत नाही. समोरच्याने पुन्हा शिरण्यासाठी दुसरी वाट ठेवलेली असू शकते. म्हणून फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घ्या, पण प्रोग्रॅम किंवा इन्स्टॉलरच्या फाइल घेऊ नका. मग विंडोज नव्याने टाका. त्यासाठीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर तयार करा. मूळ विंडोज अधिकृत असेल तर त्याच मशीनवर ते सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते, त्यामुळे क्रॅक केलेली प्रत घेण्याचे कारण नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्या.

जुन्या कॉम्प्युटरवर भामटे कधी कधी सुरू होतानाच पासवर्ड मागणारे कुलूप लावतात आणि ते उघडायचे पैसे मागतात. पैसे देऊ नका. अशा बऱ्याच प्रकरणांत फाइल शाबूत असतात. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की त्या काढून घेता येतात.

धोका संपला का?

एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जातो. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. १९३० वर तक्रार करायला किंवा पोलिसांना तपासासाठी कोणतेही शुल्क लागत नाही.

गावात आणि तालुक्यात अशा वेळी सर्वात आधी विचारले जाते ते कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला, पोलिसांना नंतर. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी त्याने ‘१९३० ला फोन केला का?’ एवढे जरी विचारले, तरी एखाद्या घराची पुंजी वाचू शकते. तुमच्या ओळखीत असा दुकानदार असेल, तर ही माहिती त्याच्यापर्यंत जरूर पोहोचवा.