अर्जावर सही करणे हा गुन्हा नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या समितीने तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांना देण्यासाठी एक अर्ज तयार केला. मागणी साधीच होती : घरपट्टीच्या नोटिसा कन्नडबरोबर मराठीतूनही मिळाव्यात. नोटीस आली की म्हाताऱ्या माणसांना ती वाचून घेण्यासाठी शाळकरी पोरांच्या मागे फिरावे लागते, एवढेच त्यात लिहिले होते. शेतकऱ्यांनी सह्या केल्या, दूध घालणाऱ्या बायकांनी केल्या, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे उठवले. अडले ते सुशिक्षितांपाशी. कॉलेजात कारकून, प्रयोगशाळा सहायक, प्राध्यापक म्हणून नोकरीस असलेल्या मंडळींनी मसुदा वाचला, त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही दुरुस्त करून दिल्या. पण सहीची वेळ येताच पेन खिशात गेले. "सर, आमची नोकरी आहे. अधिकाऱ्यांकडे असे अर्ज करणे आम्हाला नियमात बसत नाही."

या भीतीची चेष्टा आम्ही करणार नाही. अशाच एका अर्जावर सही केल्याबद्दल आमच्या परिचयाच्या एका कर्मचाऱ्याला खुलासा मागणारी नोटीस आली होती. कोणत्या नियमाचा भंग झाला, हे त्या नोटिशीत लिहिलेले नव्हते; आणि त्यानेही ते विचारले नाही. पोटावर पाय येईल म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. पण नियम न वाचताच त्याला भ्यायचे, हे शिकलेल्या माणसाला शोभत नाही.

मग नियम काय सांगतात? केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. कर्नाटकात १९६६ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२१ साली नवे आले. अनुदानित खासगी कॉलेजांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना खासगी शिक्षणसंस्थांसाठीचा १९७५ चा शिस्त व नियंत्रण कायदा आहे, शिवाय संस्थेची स्वतःची सेवानियमावली असते. ती प्रत्येकाने मागून घेऊन वाचावी. या सगळ्यांचा पाया मात्र बहुतांशी एकच आहे. नोकरदाराने राजकीय पक्षाचे सभासद होऊ नये, निवडणुकीत प्रचार करू नये, पदाचा व कचेरीच्या साधनांचा वापर अशा कामी करू नये. वर्तमानपत्रातून सरकारच्या धोरणावर टीका करण्यावरही बंधने आहेत, आणि हा लेख लिहिताना आम्हीही शब्द तोलूनच वापरत आहोत.

याच केंद्रीय नियमांतला २० वा नियम आमच्या नोकरदार बंधूंनी मुद्दाम वाचावा. स्वतःच्या नोकरीच्या बाबतीत वरिष्ठांवर बाहेरून राजकीय वा अन्य दबाव आणू नये, असे तो सांगतो. म्हणजे बदली, बढती, नेमणूक यांसाठी आमदार-खासदारांची शिफारस आणणे हे निषिद्ध! आता प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगावे. सोयीच्या गावी बदली हवी असली की आम्ही कोणाच्या ओसरीवर पहाटेपासून बसतो? कोणाच्या चिठ्ठीसाठी खेटे घालतो? तेव्हा नियम आठवत नाही. तो आठवतो शेजारच्या म्हातारीच्या नोटिशीचा प्रश्न आला की. जे मना आहे ते आम्ही बिनदिक्कत करतो आणि जे मना नाही त्याला घाबरतो.

कारण अर्ज करणे मना नाही. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याबद्दल केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. मराठी ही त्यांतली एक भाषा आहे. उत्तरही मराठीतच मिळेल असे मात्र ते कलम म्हणत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली. पहिले प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दल आहे, दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमायच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल. त्यांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातात. पण गावोगावची गाऱ्हाणी लेखी पोहोचलीच नाहीत, तर त्या अहवालात आमच्या गावाचे नाव येणार कोठून?

नोकरी पत्करली म्हणजे नागरिकत्व गहाण पडले असे नव्हे. १९६२ साली बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा तपासला. सरकारी नोकरांच्या सर्व प्रकारच्या निदर्शनांना सरसकट बंदी घालणारा नियमाचा भाग न्यायालयाने रद्द ठरवला. संपाचा हक्क मात्र मूलभूत मानला नाही. मर्यादा आहे, पण मुस्कटदाबी नाही, असा त्याचा अर्थ.

ही मर्यादा आपणही पाळली पाहिजे. अर्ज कॉलेजच्या छापील कागदावर लिहू नये. सहीखाली हुद्दा न घालता घरचा पत्ता घालावा. तासाच्या वेळेत सह्या गोळा करू नयेत आणि विद्यार्थ्यांना त्यात मुळीच ओढू नये. अधिकाऱ्यांना भेटायचे तर सुटीच्या दिवशी किंवा रीतसर रजा टाकून, गावकऱ्यांबरोबर जावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्यावर कोणाचे काय मत असेल ते असो. घरपट्टीच्या नोटिशीचा अर्ज त्यात मिसळू नये. एका कागदावर एकच मागणी असावी, आणि तिची भाषा सौम्य असावी. कन्नडला विरोध आमच्या अर्जात कोठेही नव्हता, असूही नये. आणि खुलासा मागणारी नोटीस आलीच, तर कोणत्या नियमान्वये ती दिली, हे नम्रपणे पण लेखी विचारावे.

आम्ही तीस वर्षे फळ्यावर अर्जलेखन शिकवत आलो. मायना कसा लिहावा, विषय कोठे लिहावा, 'आपला विश्वासू' कोठे यावे, हे आमच्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांना पाठ आहे. त्यांतलीच काही आज कॉलेजात नोकरीस आहेत, आणि खरा अर्ज समोर आला की त्यांचाच हात थांबतो. शिकवण्यात आमचेच काही राहून गेले असले पाहिजे. अर्ज कसा लिहायचा ते सांगितले. तो करण्याचा हक्क आहे, हे सांगायचे राहिले.

तो अर्ज अजून समितीच्या कपाटात आहे. पुढच्या सोमवारी तो द्यायचा आहे. शेवटच्या पानावर जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे.